त्याच नावेतून परत

लग्न होऊन मी तापीच्या दक्षिणेकडच्या गावात आले आणि माझं माहेर उत्तरेला, ब्राह्मणपुरीच्या बाजूला राहिलं. मध्ये नदी. तेव्हा आमच्या घाटाला पूल नव्हता. उन्हाळ्यात बैलगाडी पाण्यातून जायची, पावसाळ्यात मात्र नावच. मला पोहता येत नव्हतं. आमच्या गुजर घरांतल्या कुठल्याच बाईला येत नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणाला नदीची भीती वाटते असं कुणी बोलूनही दाखवत नव्हतं.

त्या वर्षी मी राखीला माहेरी निघाले. साठ साल उलटून गेलं होतं, एवढं आठवतं. कडेवर मुलगी, नुकती रांगायला लागलेली. सोबत सासरे. आमच्याकडे सून सासऱ्यांपुढे तोंड उघडत नसे. पदर हनुवटीपर्यंत, आणि काही सांगायचं तर तिसऱ्या माणसाकरवी.

शेजारच्या घाटावर एका लग्नाच्या वऱ्हाडाची नाव उलटली होती. त्यानंतर आमच्या घाटाच्या ठेकेदारानं नियम घातला होता की दोर सोडण्याआधी नावेतल्या प्रत्येकानं तयारी करून दाखवायची. नावाडी कोळ्याचा होता, पन्नाशीचा. त्या बुडालेल्या नावेत त्याचा सख्खा भाऊ होता, म्हणून तो हा नियम ठेकेदारापेक्षाही कडक पाळायचा. सगळ्यांनी तळाला बसायचं. चपला काढायच्या. नावेच्या दोन्ही कडांना सुके भोपळे बांधलेले असत. दोघांत एक भोपळा, त्याच्या दोरीत दोघांनी मनगट घालायचं. बायकांनी पदर कमरेला खोसायचा, कारण ओला पदर तोंडावर आला की जीव जातो. आणि जिच्या मांडीवर मूल असेल तिनं ते एकदा जोडीदाराकडे देऊन परत घ्यायचं.

"आई दोन्ही हातांनी पोरले धरस," तो म्हणायचा. "मंग भोपळा कोन धरी?"

तो बोलत नसता तर मी डोळे मिटून पलीकडे गेले असते. त्याच्या प्रत्येक वाक्यात मला आमची बुडालेली नाव दिसायची.

जाताना माझी जोडी सासऱ्यांशी पडली. पदर खोसायचा म्हणजे तोंड उघडं. मी तशीच बसून राहिले. सासऱ्यांनी मान वळवून नदीकडे पाहिलं आणि त्याच दिशेला बघत हात पुढे केले. मी पदर खोसला, मुलगी त्यांच्या हातात दिली, परत घेतली. ती हसली. बाकी कुणी हसलं नाही. पाणी लाल होतं, पण शांत होतं, आणि आम्ही पलीकडे पोचलो.

काठावर भाऊ उभा होता. मला वाटलं तो पुढे येऊन मुलीला घेईल. तो चिखलातच थांबला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "उतरू नको! गावमा पटकी शे. मायनी सांगं, पोरले आनू नको!"

"माय कशी शे?" कॉलऱ्याचं नाव ऐकताच मी सासऱ्यांसमोरच मोठ्यानं विचारलं.

"माय बरी शे. शेजारना घरमा दोन गयात. तू जाय, बहीन, जाय."

राखी माझ्या कनवटीला होती. ती द्यायला सासरे उतरले. भावानं ती त्यांच्या हातातून घेतली नाही. दगडावर ठेवा म्हणाला. ते परत येईपर्यंत मी जागची हलले नाही. नावेत नवी माणसं चढत होती. नंदुरबारच्या बाजाराला निघालेली, पिशव्या, डबे, एकाच्या बगलेत कोंबडा. त्यांतले कोण कुठल्या गावचे, कोणाच्या घरात काय आहे, मला काहीच कळत नव्हतं. मुलीला मी पदराखाली घट्ट धरलं.

नावाडी पुन्हा उभा राहिला. खाली बसा, चपला काढा, पहिल्यापासून.

"भाऊ, आते तं करं ना मी," मी नावाड्याला म्हणाले. "मी तं उतरनी बी नही."

"तू तीच शे, माय," तो म्हणाला. "बाकीना लोक नवा शेतस. तुन्ही जोडी कोन शे, दखाड."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. पण त्यांना त्यानं एका म्हाताऱ्या आंधळ्या माणसाशेजारी बसवलं होतं, कारण तिथं अंगात जोर असलेला माणूस हवा होता. माझ्या शेजारी एक भिल्लाची बाई येऊन बसली. डोंगरातून आलेली, पुढ्यात रानभाजीची टोपली. तिनं दोरीत मनगट घातलं आणि मुलीसाठी हात पसरले.

मी दिली नाही. पटकीच्या गावावरून आलेली असेल तर? तिनं कुठलं पाणी प्यायलं असेल? नावाडी म्हणाला, "दोर सोडत नही मी." बाजारवाले कुरकुरायला लागले. कोंबडावाला म्हणाला, "दी टाक ना, बाई, खाई का ती तुन्ही पोर?" त्या भिल्लाच्या बाईचे हात तसेच पसरलेले. शेवटी मी मुलगी तिच्या हातांवर टेकवली आणि लगेच ओढून घेतली.

नाव निम्म्यात आली तेव्हा वरच्या अंगानं वाहत एक झाड आलं. मुळांसकट बाभळ, पाण्याखाली लपलेली. मला आधी आवाज ऐकू आला, मग नाव आडवी फिरली आणि माझ्या बाजूची कड पाण्याला लागली. गार पाणी मांडीवर आलं. कोंबडावाला ताडकन उठला. "बस! खाले बस!" नावाडी ओरडत होता. सासऱ्यांनी त्या माणसाचं धोतर धरून त्याला खाली ओढलं. त्यांचा दुसरा हात आंधळ्याच्या छातीवर होता.

आणि माझे हात रिकामे होते. एक दोरीत, एक नुसता हवेत. मी किंचाळले. मुलगी कधी गेली मला कळलंच नव्हतं. मग दिसलं, ती त्या बाईच्या खांद्यावर होती, पोटाशी नव्हे, वर, पाण्यापासून लांब. मी दिली की तिनं घेतली, हे मला आजही सांगता येत नाही. टोपली वाहून गेली होती. बाईचे ओठ पांढरे पडले होते. ती माझ्याहूनही जास्त घाबरली होती, पण तिच्या बोटांची पकड ढिली झाली नाही.

नाव उलटली नाही. झाड सुटून पुढे गेलं, आम्ही फिरत फिरत खाली वाहत गेलो आणि घाटापासून बरंच लांब, पण आमच्याच काठाच्या वाळूत रुतलो. माणसं उतरली आणि रडायला लागली. नावाडी वाळूवर बसून उलटी करत होता. मी मुलीला घेतलं. मी त्या बाईचं मनगट धरलं, दोरीनं सोललं होतं. तिनं तिच्या बोलीत काहीतरी म्हटलं. मला ते समजलं नाही. मग ती चिखलातून बाजाराच्या वाटेला लागली, रिकाम्या हातानं.

घरापर्यंत आम्ही काठाकाठानं चाललो. त्यानंतर कित्येक रात्री मी मुलीचं कपाळ आणि लंगोट तपासत जागी राहिले. माहेरची काही बातमी नव्हती. नदीनं वाचवलं आणि पटकीनं नेलं, असं होईल असं वाटायचं. तसं झालं नाही. मुलगी धडधाकट राहिली. दसऱ्याच्या आसपास भाऊ स्वतः आला, बारीक झालेला. आई बरी होती. शेजारच्या घराला कुलूप लागलं होतं.

थंडीत मी माहेरी गेले. पाणी इतकं उतरलं होतं की नावेखाली वाळू दिसत होती; बुडायला आडवं पडावं लागलं असतं. नावाड्यानं दोर सोडण्याआधी सगळं सांगितलं. मी दोरीत मनगट घातलं, मुलीला शेजारणीकडे दिलं, परत घेतलं. पलीकडचा काठ येईपर्यंत मी मनगट दोरीतून काढलं नाही.