घडीआडच्या पोरी
हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत एझेकिएलबाबांची मासिकांची टपरी होती. फॅशनच्या एका मासिकाच्या वार्षिक अंकावर मॉडेल मुलींची रांग असायची, आणि ते लांबलचक मुखपृष्ठ घडी घालून यायचं. गोऱ्या मुली वर, काळ्या मुली हटकून घडीच्या आत. बाबा दर वेळी घडी उलगडून अंक चिमट्याने टांगायचे आणि करवादायचे, "लेकाच्यांनो, आमच्या पोरींना कोंडून ठेवता होय!" गिऱ्हाइकं हसायची, "म्हातारा चळलाय."

वर्षानुवर्षं हेच चाललं. यंदा मात्र संधिवाताने बोटं आखडली. "मरू दे," म्हणत बाबांनी अंक तसाच दुमडलेला ठेवला आणि पाठ फिरवली.

मागे कागद सळसळला. वारा तर पडलेलाच होता. घडीच्या आतून कुणीतरी नखाने हळूच खरवडलं, आणि दबका आवाज आला, "बाबा, आज आम्हाला विसरलात?"