पहिला पेला

आमचे हे धारूरला एका विलायती चहा कंपनीचे एजंट होते. त्यांचं नाव मी त्यांच्या हयातीत कधी घेतलं नाही. आता लिहायला बसले तरी हात धजत नाही, म्हणून इथेही ते 'हे'च राहतील.

निजामाच्या राज्यात तेव्हा आमच्याकडे चहा म्हणजे अंमलदारांच्या घरची गोष्ट. बाकीच्यांनी तो पाहिलाही नव्हता. कंपनी मात्र रंगूनपासून आफ्रिकेपर्यंत चहा विकत होती आणि आता तिला आमचा डोंगराळ मुलूखही हवा होता. तिनं ह्यांना मोठी पितळी किटली दिली, दारावर ठोकायला पत्र्याची निळी पाटी दिली आणि काही गोष्टी बजावून सांगितल्या. पत्ती पाण्यात उकळायची नाही, उकळतं पाणी खाली उतरवून त्यात टाकायची. चहाला औषध म्हणायचं नाही. आजाऱ्याच्या किंवा सुतकाच्या घरी तो द्यायचा नाही, कारण एकदा तो दुखण्याशी जोडला गेला की धडधाकट माणूस त्याला शिवणार नाही. आणि लोकांनी शंका घेतली तर वाद न घालता त्यांच्यासमोर पहिला पेला स्वतः प्यायचा. कंपनीला घाई नव्हती. आज लोकांना फुकट पाजा, उद्या त्यांची मुलं विकत घेतील, असा तिचा विचार होता.

आमचं घर बाजाराच्या तोंडाशीच होतं. बाजाराच्या दिवशी हे दारात चूल मांडत आणि मी दाराआड पुस्तक घेऊन बसत असे. माझे वडील घाटनांदूरला मास्तर होते, त्यांनी मला वाचायला शिकवलं. धारूरमध्ये वाचणाऱ्या बाईशी बोलायला बायका बिचकत. मूलबाळ नव्हतं. दिवसभरात माझ्याशी बोलणारे तेवढे हेच.

चहानं रक्त आटतं, कंपनी त्यात काहीतरी कालवते, असं लोक म्हणत. हे पेला भरत आणि सगळ्यांसमोर पीत. मग गर्दीतून कोणीतरी विचारी, "पह्यला पेला तुमीच कामून पेता वो?"

"तुमच्या आधी मी मरावं म्हणून."

पुढच्या बाजारी तोच आवाज येई. "काय एजंट, अजून जित्ते हाव का?"

"हाय. या, घ्या."

हा विनोद ठरूनच गेला होता. लोक हसत, एखादा पुढे होऊन घोट घेई, तोंड वाकडं करी, आणि पुढच्या बाजारी पुन्हा येई. शेजारच्या मावशी तेवढ्या कधी आल्या नाहीत. "तुमचं काळं पानी तुमालाच लखलाभ," असं त्या कुंपणावरून म्हणत.

कंपनीवर ह्यांचा विश्वास होता. ती खोटं बोलायला सांगत नाही, याचं त्यांना फार मोल होतं. रात्री जेवताना म्हणायचे, "माल खपला नाही तर नोकरी जाईल, दुसरी मिळेल. पण ह्या माणसानं आपल्याला फसवलं, असं एकानं जरी म्हटलं तर मला ह्या गावात राहता येणार नाही."

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. घरोघरी माणसं पडली. बाजार ओस पडला, पण आमच्या दाराशी रीघ लागली. एजंट एवढे दिवस चहा पितो आणि त्याला ताप शिवला नाही, असं कोणीतरी म्हणालं होतं. जे काल थुंकत होते ते आज लोटा घेऊन उभे राहिले.

"माल आहे, देतो," हे सांगत, "पण हे औषध नाही. ह्यानं ताप उतरत नाही. माणसाला पाणी उकळून पाजा आणि निजू द्या."

लोकांना ते पटेना. एक म्हातारा म्हणाला, "साहेबलोकांसाठी राखून ठेवायलाव तुमी. समदं कळतंय आमाला."

त्याच सुमारास कंपनीचे तपासनीस औरंगाबादहून आले. पुण्याकडचे, मृदू बोलणारे गृहस्थ. ओट्यावर बसून त्यांनी दाराशी लागलेली रांग पाहिली.

"तुम्ही लोकांना 'औषध नाही' असं कशाला सांगता?" त्यांनी विचारलं.

"आपलाच नियम आहे. औषध म्हणायचं नाही."

"नका म्हणू. पण औषध नाही, असं म्हणायलाही कंपनीनं कुठं सांगितलंय? आपण गप्प राहायचं. लोक म्हणतात, आपण थोडंच म्हणतो? उद्या काही झालं तरी आपल्या तोंडून शब्द गेलेला नाही."

हे उठून रांगेतल्या एकाचा लोटा भरून आले. मग म्हणाले, "गावात माझं तोंड ओळखतात, साहेब. कंपनीचं कोणी पाहिलेलं नाही."

तपासनीस हसले. पुढच्या खेपेला ठरवू, असं म्हणून गेले. हे दुसऱ्या दिवशीही दारात उभे राहून तेच सांगत होते, औषध नाही, औषध नाही. रांग हळूहळू मोडली. जाताना काहीजण वाईट बोलले. ते ऐकून हे आत आले आणि भिंतीला टेकून बसले. त्या रात्री मी पुस्तक वाचून दाखवायला घेतलं, तर म्हणाले, नको.

मग ताप ह्यांनाच आला. त्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. शेवटी शेवटी मला विचारत होते, "बाहेर कोणी काही म्हणतंय का गं?"

मी म्हणाले, "तुम्ही निजा."

बाहेर कोणीच नव्हतं.

खांदा द्यायला माणसं जेमतेम मिळाली. सगळे परतले आणि मी बिनविस्तवाच्या घरात बसून राहिले. सुतकात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात, तो कडू घास खाल्ल्याशिवाय दुःखातल्या माणसाला उठू द्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. पण त्या दिवसांत कोण आणणार होतं? दिवस कलला तेव्हा मावशी भिंत धरत धरत आल्या. त्यांच्याही घरात दोघं अंथरुणावर होते. पदराखाली तांब्या होता. त्यात चहा होता, गूळ टाकून खळखळा उकळलेला, रंगानं मातीसारखा.

"भाकर थापायचं बळ न्हाई गं पोरी," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरानं एजंटाकडनंच पुडी नेलती. औषध न्हाई, मनला व्हता. खरंच मनला. औषध मनून न्हाई आणला मी. गरम हाय, मनून आणलाय."

त्या खाली बसल्या आणि पहिला घोट त्यांनीच घेतला. मग तांब्या माझ्या हातात दिला. मी प्याले. तोपर्यंत मला रडू आलं नव्हतं.

सुतक फिटायच्या आत तपासनीस आले. हळहळ व्यक्त केली, ती खोटी नव्हती असं मला वाटतं. एजन्सी मोमिनाबादला हलवायची ठरली होती. ताप जाईपर्यंत ह्यांच्या जाण्याची चर्चा बाजारात होऊ नये, असं त्यांनी सुचवलं. चहावाला तापानं गेला म्हटलं की लोक भलता अर्थ काढतील. मावशी त्या दिवशीही तांब्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी एक पेला साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी रंग पाहिला.

"वहिनी, सुतकाच्या घरात आपला चहा देऊ नये, असा कंपनीचा..."

"कंपनीला कोन बोलवलंय?" मावशी म्हणाल्या. "घ्यायचा तर घ्या, न्हाईतर निवंल."

त्यांनी घेतला नाही. जाताना बरोबरच्या माणसाकडून निळी पाटी काढून घेतली. खिळे तसेच राहिले, ते अजून आहेत.

आता धारूरच्या कुठल्याही घरी माणूस गेलं की आधी चहा जातो. मोमिनाबादहून नवा एजंट पुड्या पाठवतो, खप चांगला आहे म्हणतात. आमच्या आळीत बहुतेक वेळा चहा घेऊन मीच जाते, आणि त्या घरी बसून पहिला घोट मी घेते. कोणाला त्याचं नवल वाटत नाही. घरी मात्र संध्याकाळी किटली उतरवली की पेला भरते, पिते, आणि दाराकडे पाहत बसते. अजून जित्ते हाव का, असं विचारायला कोणी येत नाही.