शहाळ्याचा भुगा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी घरी रिकामी शहाळी आणायला लागले, तेव्हा दिंडोशीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटलं, आम्ही शहाळ्यांचा धंदा काढला. जुहूचा एक शहाळेवाला माझ्यासाठी गोणी भरून ठेवायचा. ती रिक्षात टाकायची, गच्चीवर न्यायची, शहाळी चिरून वाळत घालायची.

कारण होतं कॉलेजमागचं तळं. आजूबाजूचं सांडपाणी त्यात यायचं, साबणाचं फॉस्फेट घेऊन. त्यावर शेवाळ माजायचं आणि मासे मरायचे. आमचे सर म्हणाले, "फुकटच्या कचऱ्याने हे फॉस्फेट ओढून घेता येतं का बघ." वाळलेल्या शहाळ्यांचा नुसता भुगा ते धरत नाही, म्हणून मी तो लोहाच्या क्षारात बुडवून सुकवायचे आणि मग तळ्याच्या पाण्यात ढवळायचे. शेवटी एक रसायन घालायचं. फॉस्फेट जितकं जास्त, तितका रंग गडद निळा.

माझं पाणी मात्र आधीच चहासारखं तांबडं व्हायचं, निळं दिसायचंच नाही. दोन आठवडे हेच. वाट लागली होती. त्यात भुगा करताना घरचा मिक्सरही जळला.

जळका मिक्सर बाजूला ठेवून आईने मला विचारलं, "पाण्याचो रंग कसो येता?" मी सांगितलं. ती हसायला लागली.

"अगो, सोडणां आधी भिजत घालूक नको? आमी सुंभ वळूक खाडीत कुजवायचो. पयलां पाणी तांबडांच येतला. ओत, परत घाल."

सोडण म्हणजे नारळाचं वरचं साल. माझ्या आईचं लहानपण मालवणात ती कुजवून दोऱ्या वळण्यात गेलं होतं, आणि मी घरात कोणाला काही न विचारता इंटरनेटवर पेपर शोधत बसले होते.

बाथरूममधल्या दोन बादल्या आठ दिवस अडकल्या. भाऊ वैतागला. आई रोज सकाळी पाणी बदलायची आणि मला ओरडून सांगायची, "आज फिकट आसा हां." पाणी नितळ आल्यावरच मी पुढची प्रक्रिया केली.

त्या दिवशी लॅबमध्ये दोन नळ्या शेजारी ठेवल्या. साध्या तळ्याच्या पाण्याची गडद निळी, भुग्यातून काढलेल्या पाण्याची जेमतेम आकाशी. मी तीनदा परत करून बघितलं, मग सरांना हाक मारली आणि आईची युक्ती सांगितली. सर म्हणाले, "आईंना घेऊन ये एकदा."

आई इस्त्रीची साडी नेसून आली. दोन्ही नळ्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. मग सरांना शुद्ध मराठीत विचारलं, "आता तळं साफ होईल ना?"

"एवढ्यात नाही हो," सर म्हणाले. "आत्ता कुठे बाटलीभर पाणी झालंय. आता पिंपभर करून बघू."

"मग शहाळी जास्त लागतील," आई म्हणाली, आणि येताना रिक्षा तिने परस्पर जुहूकडे वळवायला सांगितली.