चेहऱ्यावर झिजलेली पेन्सिल

इथे आखातात, अल सद्दमधल्या आमच्या फ्लॅटसमोर, रस्ता ओलांडला की एक फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे, आयडीचे फोटो आम्ही सगळे तिथेच काढतो. मागच्या नोव्हेंबरात त्या दुकानात मी असा काही आवाज चढवला की बाहेर टॅक्सीची वाट पाहणारी माणसं आत डोकावली. मला त्याची जराही लाज वाटत नाही.

आजोबांनी काढलेलं एक चित्र मी तिथे प्रती काढायला दिलं होतं. आजोबा वसईचे. महायुद्धात ते आसामच्या बाजूला लष्करी इस्पितळात वॉर्डबॉय होते. तिथे आफ्रिकेतल्या पलटणीचा एक शिपाई दोन महिने पडून होता. पायाला गोळी लागलेली आणि उशाशी ट्रम्पेट. ड्यूटी संपली की आजोबा त्याला आधार देऊन मागच्या झाडाखाली नेऊन बसवायचे. त्याने त्यांना ट्रम्पेट शिकवला आणि त्यांनी त्याचं चित्र काढलं. परत आल्यावर आजोबांनी गावात बँड उभा केला. पुढे कित्येक वर्षं आमच्या गावात त्या बँडशिवाय लग्न लागलं नाही. शिपायाचं नाव आजोबांनी पप्पांना सांगितलं होतं, पप्पा विसरले. आता त्या माणसाचा आमच्याकडे चेहरा तेवढा उरला आहे.

आणि काय चेहरा! गणवेश चार रेघांत उरकलाय, ट्रम्पेट म्हणजे जवळजवळ कोरा कागद. सगळी पेन्सिल चेहऱ्यावर झिजवलेली, तीही इतकी दाबून की कागद उलटा करून बोट फिरवलं तर गालाचा उंचवटा हाताला लागतो. फुगवलेल्या गालावर उजेडाचा एक ठिपका तेवढा पांढरा सोडलाय. पण कागद आता घडीवर फाटायला आलाय, काळं बोटाला लागतं. नाताळात आम्ही सगळी चुलत भावंडं गावी जमणार होतो, तेव्हा प्रत्येकाला एकेक प्रत द्यायची असं मी ठरवलं. आमच्या पोरांना यापुढे हा माणूस दिसणार तो त्या प्रतींमध्येच.

हॉस्पिटलच्या लॅबमधली ड्यूटी संपवून मी मुलीला घेऊन प्रती आणायला गेले. मुलगी सतरा वर्षांची, माझ्याच सावळ्या रंगाची. दुकानदाराने सहा प्रती काउंटरवर मांडल्या. कागद छान, कडा छान आणि मधोमध एक गोरा शिपाई.

"मॅडम, चेहरा बहुत डार्क था," तो खुशीत म्हणाला. "मैंने अपनी तरफ से साफ कर दिया."

आजोबांनी जिथे जीव ओतला होता, नेमकी तीच जागा याने पुसली होती. गणवेशाच्या चार रेघा मात्र जशाच्या तशा. माझं डोकंच फिरलं.

"किसने बोला था?" मी ओरडले. "वो काला है, काला ही रहेगा! सब वापस करो!"

"सबका करता हूँ, मॅडम," तो गांगरला. "कोई मना नहीं करता."

तो स्वतः माझ्याहून सावळा. त्याच्या पाठीमागे भिंतीवर त्याचाच फोटो लावलेला होता, लख्ख गोरा.

मुलीने माझी बाही ओढली. "ममा, रिलॅक्स. इट्स जस्ट अ फिल्टर. आय डू इट टू."

ती मला इंग्रजीत उत्तर देते, पण मराठी तिला सगळं कळतं. म्हणून मी तिला तिथेच, काउंटरपाशी उभ्या उभ्या सांगितलं. माझं लग्न ठरवायच्या वेळी वसईच्या फोटोवाल्याने माझाही चेहरा असाच धुतला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तो सगळ्याच मुलींचा करायचा. फोटो पसंत पडला. मुलाकडचे घरी आले, तेव्हा मुलाच्या आईने पर्समधून फोटो काढला, माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं आणि माझ्यादेखत म्हणाली, "फोटोत उजळ दिसते."

"व्हॉट डिड यू से?"

"काही नाही. केकची बशी पुढे केली."

"यू स्माइल्ड?"

"हसले."

तिने काउंटरवरच्या शिपायाकडे बोट दाखवलं. "बट फॉर हिम यू आर शाउटिंग."

ज्याचं नावही माहीत नाही अशा माणसासाठी मी दुकान डोक्यावर घेतलं होतं आणि स्वतःसाठी इतक्या वर्षांत अवाक्षर काढलं नव्हतं. मला ते इतकं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही राग आला.

दुकानदाराने तोवर मूळ स्कॅन उघडला होता. शिपाई पडद्यावर परत काळा झाला, गाल फुगवून. नव्या प्रती निघाल्या. एकेक प्रत उजेडात धरून मी तपासली. जुन्या सहाच्या सहा तिथेच फाडल्या आणि म्हटलं, "खलास."

मग पर्स काउंटरवर ठेवली आणि आतल्या स्टुलावर जाऊन बसले. तेलकट चेहरा, दिवसभराचा विसकटलेला अंबाडा, पावडरीचा पत्ता नाही. "अब मेरा निकालो. और हाथ मत लगाना."

त्याने मुकाट्याने दिवे लावले. मुलगी कॉम्प्युटरपाशी जाऊन उभी राहिली. फोटो पडद्यावर आला तसा त्याचा हात सवयीने माउसकडे गेला. तिने माउस उचलून आपल्याकडे घेतला.

"नो, भैया," ती म्हणाली. "ये मेरी मम्मी है."

मग तिने मला उठवलं आणि स्वतः स्टुलावर बसली.