भाव न करणारा मॅनेजर

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं नुकसान ज्या माणसानं केलं, त्यानं माझ्याशी भाव केला नाही.

वरवट बकालला मी बावीस वर्षं वेल्डिंगचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकाला दहा हजार सांगायचे, त्यानं चार म्हणायचं, मी भडकून हातोडा आपटायचा, त्यानं निघून जायचं, कोपऱ्यावरून परत यायचं आणि सहावर दोघांनी चहा प्यायचा. ही आमच्याकडची रीत! पण डोळे मिटले तरी आत निळ्या ठिणग्या उडत राहायच्या. त्या ठिणग्यांच्या पलीकडे मला एक पंखा दिसायचा, संथ फिरणारा. खाली गादीची खुर्ची, आणि पांढऱ्या सदऱ्यात मी, आकड्यांची बेरीज करतोय. (स्वप्नात ती नेहमी जुळायची.)

म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी मी जीपनं नांदुऱ्याला जाऊन हिशोबाचा क्लास केला. फीसुद्धा घासाघीस करून निम्मी दिली!

बायको सुनंदा बचत गटाची अध्यक्ष. गटाच्या दहा बायकांना तुरीची डाळ करायचं छोटं मशीन घ्यायचं होतं.

"बँकेचा अर्ज तुमी लिवा," ती म्हणाली. "नीट झालं त गावातले बाकीचे गटही हिशोब तुमालेच देतीन. मंग करा दुकान बंद."

म्हणजे माझा पंखा त्या एका अर्जावर फिरणार होता!

छोटं मशीन दीड लाखाचं. मी तीन लाखांचं मोठं लिहिलं, दुकानदाराच्या कोटेशनसकट!

"काऊन हो? आपल्याले त लहान पायजे."

"अवं, पह्यल्यांदा मोठंच सांगा लागते. मॅनेजर आनीन अर्ध्यावर. तोही गिऱ्हाईकच, फक्त खुर्चीवर बसलेला!"

"अन् नाई आनलं त?"

"माह्यासंग भाव न करणारा मानूस अजून जन्माले याचा हाय!"

तिनं बिचारीनं सही केली. तो माणूस मात्र जन्माला आलेला होता आणि आमच्याच बँकेत बसलेला होता.

मॅनेजरनं कागद चाळले. वर पंखा फिरत होता, अगदी माझ्या स्वप्नातल्यासारखा. गार वाऱ्यात माझे डोळे जड व्हायला लागले.

"तीन लाख ना? मंजूर."

मी दचकलो. "मंजूर? साहेब, काई कमी-जास्त...?"

"तुमच्या गटाची परतफेड उत्तम आहे. कमी कशाला करू?"

आता आपणच आपला आकडा खाली आणायचा? बावीस वर्षांत असलं पाप केलं नव्हतं! मी रागानं उठलो आणि रीतीप्रमाणे दाराकडे निघालो. हळूहळू. मागून हाक येईल म्हणून.

"अहो, थांबा!"

मी गर्रकन वळलो. आला भाव करायला!

"चष्मा विसरलात."

बँकेनं पैसे परस्पर दुकानदाराला दिले आणि आठ दिवसांनी टेम्पोतून मशीन उतरलं. ते ज्या खोलीत ठेवायचं, त्या आमच्या घरातल्या खोलीचं लोखंडी दार मीच केलेलं. 'हत्तीनं धडक मारली तरी हलणार नाही' असं मी गावभर सांगत फिरायचो. दार खरंच हललं नाही. मशीन त्यात मावेना, दोन हात बाहेरच राहिलं!

टेम्पोवाला घाम पुसत म्हणाला, "भाऊ, मशीन आत नेता का घर भाईर आनता?"

दहाही बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सुनंदा हसत नव्हती.

"आजपासून हिशोब गटातल्या मंदाताईची सून लिवीन," ती म्हणाली. "तुमी दार कापा. काय घ्यान?"

जित्याची खोड! "आठ हजार!" मी म्हणालो. मनात पाच होते.

"मंजूर."

पुन्हा तोच शब्द!

"अर्ध्या मशीनचा हप्ता तुमच्या नावावर टाकला हाय. आठ हजार त्यातून कापून घेऊ. बाकीचे फिटेपर्यंत मशीनवर तुमीच."

मी दार कापायला बसलो. निळ्या ठिणग्या उडाल्या आणि त्यांच्या पलीकडे मला खरोखरच एक पंखा दिसला. त्या मोठ्या मशीनचा, डाळीतला भुसा उडवणारा! आता रोज दिवसभर मी त्याच्यासमोर उभा असतो. हवा मस्त येते हो; फक्त सदरा पांढरा राहत नाही.