जावळाची घोंगडी

साखऱ्याच्या चंद्रभागाबाईचं देवाशी भांडण होतं आणि ते तिनं कधी लपवलं नाही. खंडोबाच्या जत्रेत ती दरसाल घोंगड्या विकायला बसे, पण बसे ती देवळाकडं पाठ करून. कुणी हटकलंच तर म्हणे, "त्यानं माझ्याकडं पाठ केली, मी त्याच्याकडं केली. फिटंफाट झाली." बाई तोंडाची फटकळ होती, पण तिच्या हातच्या सुताची घोंगडी पावसाला दाद देत नसे.

भांडण तुक्यावरून. तीन वर्षांचा तिचा लेक तापानं हाती लागत नव्हता, तेव्हा ती नवस बोलली : लेकरू उठलं तर देवाला नवी घोंगडी पांघरीन. लेकरू उठलं. मग तिनं सूत कातलं, नवऱ्यानं, ज्ञानबानं, घोंगडी विणली. तुक्याचं जपून ठेवलेलं जावळही देवालाच द्यायचं होतं. ते तिनं एका कोपऱ्याच्या सुतात कातून घातलं. पण तेवढ्यात ती बाळंत झाली आणि ज्ञानबा मेंढरांमागं रानात गेला. नवस ताटकळत ठेवायचा नाही म्हणून तिनं घोंगडी धाकट्या भावाच्या, संतरामच्या, हाती धाडली. तो नारळ घेऊन परतला. "देवाच्या अंगावर घातली, आक्का," म्हणाला. तो प्रसाद तुक्यानं दोन्ही हातांनी खाल्ला.

पुढच्या पावसाळ्यात ताप फिरून आला आणि तुका गेला. नवसही घेतो आणि लेकरूही नेतो, तो कसला देव? तेव्हापासून ती देवळाची पायरी चढली नाही. संतराम मात्र दर जत्रेत तिच्यासाठी मूठभर भंडारा घेऊन यायचा आणि रुसवा सोड म्हणून विनवायचा. एवढा मायाळू भाऊ!

त्या साली तिच्या शेजारी एका कल्हईवाल्यानं भट्टी मांडली. वसमतचा चाँद पाशा. तिनं त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. दुपारी त्यानं खांद्यावरची घोंगडी तिच्यापुढं धरली.

"बाई, ह्यो कोपरा ठिणगीनं जळाला बघा. दोन टाके घालता का? तुमचं पातेलं कल्हई करून देतो."

चंद्रभागाबाईनं कोपरा बोटांत धरला आणि तिचा हात थांबला. काळ्या लोकरीत तांबूस, मऊ केस होते.

"ही कुठं घेतली, दादा?"

"हट्ट्याच्या बाजारात. लई साल झाले. तवा कोरी व्हती."

तेवढ्यात संतराम भंडारा घेऊन आला. चाँद पाशानं त्याच्याकडं निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे, हेच तर ते! काय दादा, वळखलं का? तुमी इकलेली घोंगडी अजून बराबर हाय."

संतरामचं तोंड उतरलं. "आक्का, माझं लगीन निघालं व्हतं. पागोटं न्हाई, धोतर न्हाई. देवाला काय कमी हाय? एक घोंगडीच तर व्हती."

तिनं कोपरा त्याच्या डोळ्यांपुढं धरला. "घोंगडी? हे तुक्याचं जावळ हाय. आन त्यो नारळ?"

"बाजारातला," तो पुटपुटला.

नवस फिटलाच नव्हता. देवाचं देणं बाजारात विकलं गेलं आणि त्यापायी आपला तुका गेला, यात तिला तिळभर शंका उरली नाही. इतकी वर्षं ती देवाला शिव्याशाप देत राहिली आणि ज्याला द्यायचे तो तिच्याच घरी जेवत होता, दर भाऊबीजेला पाटावर बसून ओवाळून घेत होता. पोटच्या लेकरासारखा वाढवलेला भाऊ.

चाँद पाशा ओशाळला. "माय, मला ठावं नव्हतं. देवाची चीज हाय, घेऊन जा."

तिनं आपल्या ढिगातली सगळ्यात जाड घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली. मग ती उठली आणि देवळाकडं तोंड करून चालू लागली. देवापुढं ती हमसून हमसून रडली, माफी मागितली, घोंगडी देवाच्या अंगावर घातली. जावळाचा कोपरा तेवढा हातातून सुटत नव्हता. तो पुजाऱ्यानं हलकेच सोडवून घेतला.

पुढच्या भाऊबीजेला संतराम नेहमीसारखा संध्याकाळी आला. पाट मांडलेला नव्हता. चंद्रभागाबाई निरांजनाचं ताट घेऊन बाहेर आली, त्याच्या अंगावरून अंगणात गेली आणि भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं तिनं चंद्राला ओवाळलं.