तिसऱ्या भागाच्या उशिराचं कारण

शुक्रवारी संध्याकाळी लेकीने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "बाबा, देखिए. अस्सी परसेंट ऑफ. इतवार शाम तक."

एरवी ऐंशी टक्के सूट म्हटलं की माझा चेहरा लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट दिसल्यासारखा उजळतो. कॉम्प्युटरवरचे गेम स्वस्तात घ्यायचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. खेळायचा नाही, घ्यायचा. घेतलेले गेम यादीत एकाखाली एक नुसते पडून असतात. बायको म्हणते, "आमच्या माहेरी माळ्यावर घंगाळं होती, तीही कुणी वापरत नसे. पण निदान ती दिसायची तरी."

त्या दिवशी मात्र मला घाम फुटला. कारण हा गेम सात पुलांच्या गोष्टीचा होता. आमच्या दोघांच्या लाडक्या कादंबऱ्यांचा. आणि खाली स्पष्ट लिहिलं होतं की तिसरा भाग जिथे संपतो तिथून हा गेम पुढे सुरू होतो.

लेकीला तिसरा भाग मी सांगितलेला आहे. तो पुस्तकातला नाही. तो मी बनवलेला आहे. आणि हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणजे रविवारपर्यंत तरी माझी अशीच समजूत होती.

हे प्रकरण नीट कळायचं तर थोडं मागे जावं लागेल. माझे वडील रेल्वेच्या नोकरीत भुसावळहून झाशीला आले आणि इथेच राहिले. मीही रेल्वेतच लागलो. बायको इथल्याच जुन्या मराठी घरातली. तिच्याकडे कितीतरी पिढ्यांपासून घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी अशी पद्धत. आमच्या प्रेम नगरच्या घरात मुलीने बोलायला सुरुवात केली तीच हिंदीत. तेव्हा बायकोने नियम काढला, दिवेलागणीनंतर तासभर हिंदी बंद. पहिल्या आठवड्यात परिणाम असा झाला की दिवेलागणीनंतर तासभर मुलगीच बंद. एक शब्द बोलेना. मराठीत नुसती मान हलवायची.

त्यावर उतारा मला सिविल लाइन्समधल्या एका रद्दीवाल्याकडे मिळाला. इंग्रजी कादंबरीचे दोन जाड भाग, सुतळीने बांधलेले. एका नदीवर सात पूल. प्रत्येक पुलावर एक रखवालदार. तो तुमच्याकडून काहीतरी घेतल्याशिवाय पलीकडे जाऊ देत नाही. एकाला तुमची सावली हवी, दुसऱ्याला तुमचं हसू. आणि हातात कंदील घेऊन निघालेली नावाड्याची मुलगी. पलीकडच्या काठावर एक आंधळा राजा. मी रोज संध्याकाळी पुस्तक उघडायचो आणि इंग्रजी पानावरून थेट मराठीत सांगत जायचो. लेक तेव्हा आठ वर्षांची होती. सांगणं थांबवलं की ती विचारायची, "मग?" हा तिचा पहिला मराठी प्रश्न. बायकोने त्या दिवशी शिरा केला होता.

माझं स्वतःचं मत विचाराल तर कुठल्याही मालिकेतला दुसरा भाग सगळ्यात सुखाचा. पहिल्या भागात लेखकाला सगळ्यांच्या ओळखी करून द्याव्या लागतात, मुलगी बघायला गेल्यासारखं अवघडून बसावं लागतं. दुसऱ्या भागात आपल्याला मिठाचा डबा कुठे आहे ते माहीत झालेलं असतं. पण दुसऱ्या भागाचा एक दोष असा, की तो संपतो. दोन वर्षांनी आमचा संपला तेव्हा लेक दहा वर्षांची होती, सहा पूल झाले होते, सातवा समोर धुक्यात दिसत होता, आणि तिसरा भाग लेखकाने अजून लिहिलेलाच नव्हता.

त्याच सुमारास लेकीला कांजिण्या आल्या. अंगभर फोड, त्यावर कडुलिंबाचा पाला, आणि दिवसभर एकच धोशा, तिसरा भाग. मी म्हटलं, अजून आला नाही. ती रडायला लागली. रडताना खाजवायची. शेवटी मी ऑफिसातून नियमांचं जाडजूड पुस्तक आणलं, सिग्नल कधी द्यावा आणि कधी देऊ नये असल्या नियमांचं. त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं. "आला!" म्हणून जाहीर केलं. त्या संध्याकाळपासून मी सिग्नलच्या नियमांवर नजर ठेवून जादूच्या देशाचा तिसरा भाग वाचून दाखवू लागलो. पानंसुद्धा वेळेवर उलटायचो.

अडीच महिने हे चाललं. खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले अडीच महिने. ऑफिसात फाईल चाळताना मनात पंखवाले सर्प उडत असायचे. बायको स्वयंपाकघरात कुकरचा आवाज कमी करून ऐकायची. तिला सगळं माहीत होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "आंधळ्या राजाला मारू नका हो. चांगला आहे बिचारा."

मग सातवा पूल आला. कंदीलवाली मुलगी पुलावर उभी. रखवालदार म्हणाला, "पलीकडे जायचं तर घरची हाक देऊन जा. यापुढे तुला घरून कुणी कितीही बोलावलं तरी ऐकू येणार नाही."

इथे मी अडकलो. ती हाक द्यावी की न द्यावी, मला ठरवता येईना. मी दोन दिवस मागितले. त्याच आठवड्यात दिवाळीचा सेल लागला आणि मी आयुष्यातला पहिला गेम घेतला, सूट होती म्हणून. त्यातही एक राज्य होतं, एक तलवार होती आणि काहीही ठरवावं लागत नव्हतं, नुसतं बटण दाबायचं. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. एका संध्याकाळी लेक खाकी पुस्तक घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. मी पडद्यावरची नजर न काढता म्हटलं, "लेखकाने इथेच थांबवलंय गं. पुढचा भाग यायचाय."

ती पुस्तक घेऊन परत गेली. नंतर तिने विचारलं नाही. नंतर मराठीतही ती फारसं काही विचारेनाशी झाली.

आता ती सोळा वर्षांची आहे. खरा तिसरा भाग मध्यंतरी आला. मी तोही सवलतीत घेतला आणि ऑफिसात डब्याच्या सुट्टीत चोरून वाचला. बघतो तर मुलगी सातव्या पुलावर जातच नाही! बाराव्या पानावर होडीत बसून सरळ घरी येते. आणि माझा तो प्रेमळ आंधळा राजा आंधळा नाही, चांगलाही नाही. पुस्तक मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये फायलींखाली लपवून ठेवलं.

तर अशा परिस्थितीत शुक्रवारी तो मोबाईल नाकासमोर आला.

"जागा नाही आपल्या कॉम्प्युटरमध्ये," मी म्हटलं.

"है. मैंने देख लिया."

"दिवाळीत अजून स्वस्त होईल."

लेकीने माझ्याकडे टक लावून बघितलं. स्वयंपाकघरातून बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "स्वस्तात मिळतंय आणि तुम्ही नको म्हणताय? या इकडे, कपाळ बघू."

शनिवारी मला कुठेच बसवेना. पेपर घेऊन गच्चीवर गेलो, पेपर वर ठेवून खाली आलो, पेपर आणायला पुन्हा वर गेलो. फ्रिज चार वेळा उघडला. दर अर्ध्या तासाने मोबाईलवर सेल संपायला किती तास उरले ते बघायचो. लाजिरवाणी गोष्ट अशी, की भीतीच्या बरोबरीने मोहही होत होता. त्या गेमच्या जाहिरातीत सातवा पूल दाखवला होता. धुकं अगदी मी सांगितलं होतं तसं. मला तो पूल बघायचा होता. आणि ऐंशी टक्के!

रविवारी दुपारी बायको म्हणाली, "अहो, फेऱ्या मारायच्या तर बाहेर मारा, फरशी झिजेल." म्हणून लक्ष्मी तालावर गेलो. पाण्यावर जलपर्णी, काठावर शेंगदाणेवाला, देवळाच्या पायरीवर चपलांची रास. मी एका पायरीवर बसलो. स्वतःला बजावलं, घरी जायचं, मुलीला खरं सांगायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. अगदी पक्कं ठरवलं. एवढं पक्कं ठरल्यावर जरा हलकं वाटलं, त्या हलकेपणात मोबाईल काढला, बघतो तर सेल संपायला दोन तास. आणि मी गेम विकत घेतला.

असा मी माणूस आहे.

पुढे पडद्यावर प्रश्न आला, घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायला सुरुवात करू का? अंगठा त्याच झोकात होता. हो म्हणून बसलो. मग लक्षात आलं, की घरच्या कॉम्प्युटरसमोर या क्षणी लेक बसलेली आहे.

ऑटोवाल्याला म्हटलं, "भैया, जरा जल्दी." तो म्हणाला, "बाबूजी, गाड़ी छूट रही है का?" मी म्हटलं, "छूट गई."

घरी पोचलो तेव्हा लेक खुर्चीत मांडी घालून बसली होती. पडद्यावर हिरवी पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे सरकली होती. "ले लिया आपने?" तिने विचारलं. आवाजात आनंद होता, आणि त्यानेच माझी जास्त पंचाईत झाली.

मी दुसरी खुर्ची ओढली. पट्टीकडे बघत म्हटलं, "हे पूर्ण व्हायच्या आत तुला एक सांगायचंय. तिसरा भाग... मी जो वाचून दाखवला..."

"नियम की किताब थी," ती म्हणाली.

मी पट्टीकडे बघायचं विसरलो.

"आप ऑफ़िस गए थे. मुझे आगे पढ़ना था, तो फडताळ से निकाली. अंदर सिग्नल के फ़ोटो थे." तिने खांदे उडवले. "वैसे भी डाउट था. बाबा, आपकी कहानी में जो भी लेट आता था, उसका कारण लिखा रहता था. वह साँप भी आउटर सिग्नल पर खड़ा था, लाइन क्लियर नहीं थी."

मला हसू आलं आणि कान गरम झाले. माझी नोकरीच ती आहे. गाडी का उशिरा आली त्याची कारणं नोंदवून घेणं. प्रत्येक खातं उशीर दुसऱ्या खात्यावर ढकलतं. इंजिनवाले म्हणतात सिग्नल, सिग्नलवाले म्हणतात रूळ. मी रोज जेवताना त्या भांडणांच्या गोष्टी घरी सांगतो. जादूच्या देशातही मी तेच ऑफिस थाटलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलती तो आप रुक जाते." पट्टीवरची नजर तिने काढली नाही. "रुक तो वैसे भी गए. और आपने लेट राइटर के खाते में डाल दिया."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. बायको ऐकत होती.

"कारण क्या था?" लेकीने विचारलं. अगदी माझ्या ऑफिसच्या सुरात.

अशा वेळी माणसाला किती कारणं सुचतात! ऑफिसचं काम, पाठदुखी, तुझी परीक्षा. मी ही कारणं रोज दुसऱ्यांची ऐकतो आणि रोज मनात म्हणतो, थापा. म्हणून म्हटलं, "पुढे काय होतं ते मला ठरवता येईना. आणि सेल लागला होता."

तिच्या सहा वर्षांच्या हिशेबात हे कारण कुठे बसतंय ते ती बघत असावी. बसलं नाही, असं तिच्या तोंडावरून दिसलं. हिरवी पट्टी शेवटाला पोचली, कॉम्प्युटरने घंटी वाजवली आणि पडद्यावर 'खेळा' असं बटण आलं.

तिने बटणाकडे पाहिलं. मग उठून आत गेली. मला वाटलं, आटोपलं. आतून बायकोची हाक आली, "दिवेलागण झाली गं!" आणि लेक परत आली ती खाकी कव्हरचं पुस्तक घेऊन. कडा फाटल्या होत्या. पुस्तक तिने माझ्या मांडीवर टाकलं, ठेवलं नाही, टाकलं.

"ती अजून पुलावर आहे," ती म्हणाली. मराठीत. शब्द जरा चाचपडत आले.

"मला अजूनही माहीत नाही ती काय करते."

"मग... बनवा."

मी पुस्तक उघडलं. समोर लाल दिवा असताना काय करू नये याचा नियम होता. घसा खाकरला. "तर ती मुलगी कंदील घेऊन पुलावर उभी होती. कंदील मंद जळत होता..."

"तेल संपलं होतं. तुम्हीच सांगितलं."

"तेल संपलं होतं. अंधारातच रखवालदार म्हणाला, हाकेचं नंतर बघू. आधी हे सांग, सहा वर्षं इथे का उभी आहेस? मला वहीत लिहावं लागतं. मुलगी म्हणाली, ज्याने मला इथवर आणलं तो मध्येच दुसरीकडे निघून गेला. रखवालदाराने विचारलं, कुणाच्या खात्यावर टाकू?"

मी थांबलो. लेक पडद्याकडे पाठ करून बसली होती. स्वयंपाकघरात कुकरखालचा गॅस बारीक झाल्याचं ऐकू आलं.

"त्याच्याच," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाच्या नाही."

"लिहिलं?"

"लिहिलं."

"मग?" तिने विचारलं.

मला पुढचं काहीच माहीत नव्हतं. मी पान उलटलं.